भावंडं दोन घरांत विभागली गेली तर पोटगीचा हिशोब कसा होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घटस्फोटानंतर एक मूल आईकडे आणि एक बाबांकडे, किंवा दोघं तिकडे आणि एक इकडे, असं झालं की पैशाचा प्रश्न नेहमीपेक्षा जरा गुंतागुंतीचा होतो कारण इथे दोन्ही पालक देणारे पण असतात आणि घेणारे पण. वकिलाकडे जायच्या आधी निदान गणित कसं चालतं ते डोक्यात स्पष्ट असावं म्हणून हे सगळं एकत्र लिहिलंय. कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे त्यामुळे जिथे आकडे दिलेत तिथे कुठले ते पण सांगितलंय, तुमच्या केसमधला आकडा तुमच्या कोर्टाच्या नियमानेच ठरणार.

स्प्लिट कस्टडी आणि शेअर्ड कस्टडी एकच का?

नाही. शेअर्डमध्ये तेच मूल थोडे दिवस इकडे आणि थोडे दिवस तिकडे राहतं. स्प्लिटमध्ये भावंडं वेगळी होतात, प्रत्येकाचं मुख्य घर वेगळं. दोन्हीचा हिशोब वेगळा होतो म्हणून अर्जात नीट लिहा. काही घरात दोन्ही एकत्र पण असतं, म्हणजे मोठा कायम बाबांकडे आणि धाकटी आठवडाआड दोघांकडे, तेव्हा प्रत्येक मुलाचा वेगळा हिशोब मांडायचा आणि मग बेरीज वजाबाकी.

एक तिच्याकडे, एक माझ्याकडे, म्हणजे फिटंफाट ना? मग कोणी कोणाला काही द्यायचं नाही?

हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. फिटंफाट तेव्हाच होते जेव्हा दोघांची कमाई जवळपास सारखी असते, मुलांची संख्या सारखी असते आणि मुलांच्या गरजा पण सारख्या असतात. कमाईत फरक असेल तर पोटगी येतेच, कारण मुळातला विचार असा आहे की मुलाला दोन्ही पालकांच्या ऐपतीचा फायदा मिळाला पाहिजे, ते कुठल्या घरात राहतं यावर त्याचं राहणीमान ठरू नये. बाबांकडच्या मुलाला चांगली शाळा आणि आईकडच्या मुलीला फी भरायची मारामार, ही दोघं सख्खी भावंडं आहेत आणि सुट्टीत एकमेकांना भेटतात तेव्हा त्यांना हा फरक दिसतो. मला तर या सगळ्या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, बाकी सगळं गणित त्यासाठीच आहे.

बरं, मग गणित नक्की कसं करतात?

साधारण पद्धत अशी. आधी समजा की आईकडच्या मुलासाठी बाबांनी किती द्यायचे ते काढा, जणू दुसरं मूल नाहीच. मग बाबांकडच्या मुलासाठी आईने किती द्यायचे ते काढा. मोठ्या आकड्यातून छोटा वळता करा, जो फरक उरेल तेवढाच जास्त देणं असलेल्या पालकाने द्यायचा. कॅनडात मुलांच्या पोटगीसाठी ज्या फेडरल म्हणजे केंद्रीय गाइडलाइन्स आहेत त्यातलं कलम ८ अगदी हेच सांगतं, दोघांनी एकमेकांना जेवढं दिलं असतं त्यातला फरक म्हणजे पोटगी.

आता आकडे घालून बघू. टेक्ससमध्ये देणाऱ्या पालकाच्या निव्वळ उत्पन्नाचे टक्के धरतात, एका मुलाला २० टक्के, दोघांना २५, तिघांना ३० (यावर उत्पन्नाची कमाल मर्यादा असते, ती इथे बाजूला ठेवू). समजा बाबांची निव्वळ कमाई महिना १०,००० आणि आईची ६,०००, आणि एकेक मूल दोघांकडे. बाबांचं देणं २,०००, आईचं देणं १,२००, फरक ८००, म्हणजे बाबांनी आईला महिना ८०० द्यायचे. हीच दोन्ही मुलं आईकडे असती तर बाबांनी २,५०० दिले असते. २,५०० वरून ८०० वर येणं हा मोठा फरक आहे, आणि म्हणूनच आईकडचं एक मूल बाबांकडे गेलं की आईच्या घराचं बजेट एकदम कोसळल्यासारखं होतं, कारण खर्च काही त्या प्रमाणात कमी होत नाही, घरभाडं तेवढंच राहतं.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मात्र नुसते टक्के धरत नाहीत, दोघांच्या उत्पन्नाची बेरीज करून तक्त्यातून मुलांचा एकूण खर्च काढतात आणि तो कमाईच्या प्रमाणात वाटतात. आपल्या उदाहरणात एकूण १६,००० पैकी बाबांचे १०,००० म्हणजे ६२.५ टक्के, आईचे ३७.५ टक्के. समजा तक्त्यात एका मुलाचा खर्च २,४०० आहे. बाबांचं देणं १,५००, आईचं ९००, फरक ६००.

तक्त्यात एका मुलाचा आकडा बघायचा की दोघांचा?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि इथेच पैसे वाढतात किंवा कमी होतात. तक्त्यात दोन मुलांचा खर्च हा एका मुलाच्या दुप्पट नसतो, कारण एकाच घरात राहिले की खोली, विजेचं बिल, पुस्तकं, कपडे बरंचसं वाटून वापरलं जातं. वरच्या टेक्ससच्या टक्क्यांत पण तेच दिसतं, एकाला २० पण दोघांना ४० नाही तर २५. भावंडं वेगळी झाली की ही बचत संपते, दोन घरात दोन पलंग, दोन टेबलं, दोन इंटरनेट. काही ठिकाणी म्हणूनच प्रत्येक घरात एक मूल आहे असं धरून एका मुलाचा पूर्ण आकडा दोन्हीकडे लावतात. काही ठिकाणी मात्र दोन मुलांचा एकूण आकडा काढून त्याचे भाग पाडतात, मग रक्कम कमी येते. वरच्याच उदाहरणात दोन मुलांचा तक्त्यातला खर्च समजा ३,६०० असेल तर दर मुलामागे १,८००, बाबांचं देणं १,१२५, आईचं ६७५, फरक ४५०. म्हणजे एकच कुटुंब, तीच कमाई, आणि पद्धत बदलली की ६०० चे ४५०. वकिलाला पहिल्याच मीटिंगमध्ये विचारा की आपल्याकडे कुठली पद्धत लागते.

तीन भावंडं असतील, दोन एकीकडे आणि एक दुसरीकडे?

पद्धत तीच, फक्त टक्के मुलांच्या संख्येप्रमाणे बदलतात. ब्रिटनचे दर घेऊ. तिथे आठवड्याच्या एकूण उत्पन्नावर ८०० पौंडांपर्यंत एका मुलाला १२ टक्के, दोघांना १६, तीन किंवा जास्तला १९ असा बेसिक दर आहे. बाबांचे ७०० पौंड, आईचे ५००, आईकडे दोघं आणि बाबांकडे एक. बाबांचं देणं ११२, आईचं ६०, फरक ५२ पौंड आठवड्याला. आता उलटं करा, दोन मुलं बाबांकडे आणि एक आईकडे. आईचं देणं ५०० च्या १६ टक्के म्हणजे ८०, बाबांचं ७०० च्या १२ टक्के म्हणजे ८४, फरक जेमतेम ४ पौंड, तो पण बाबांनीच द्यायचा. म्हणजे जास्त मुलं सांभाळणाऱ्यालाच पैसे मिळतात असं काही नाही, कमाईतला फरक संख्येला खाऊन टाकू शकतो.

वळतं न करता दोघांनी आपापले पूर्ण पैसे द्यायचे असं पण असतं का?

असतं. जर्मनीत पोटगीचा हक्क मुलाचा स्वतःचा मानतात. जो पालक मुलाला सांभाळतो तो आपला वाटा सांभाळण्यातून देतो आणि दुसरा रोख देतो, रक्कम साधारण ड्युसेलडॉर्फच्या कोर्टाच्या तक्त्यावरून ठरते ज्यात मुलाच्या वयाप्रमाणे टप्पे आहेत, ५ वर्षांपर्यंत, ६ ते ११, १२ ते १७ आणि त्यापुढे. एका मुलाच्या हक्काचे पैसे दुसऱ्या मुलाच्या पैशात वळते करणं त्या विचारात नीट बसत नाही, पालक आपसात व्यवहारासाठी तसं ठरवतात तो भाग वेगळा.

आणि खरं सांगायचं तर वळती पद्धत वापरत असाल तरी ऑर्डरमध्ये किंवा करारात दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्याच. "बाबांनी आईला महिना ८०० द्यावे" एवढंच लिहिलं तर वर्षभराने काही बदललं की ते ८०० कुठून आले हेच कोणाला सांगता येत नाही. "मुलीसाठी बाबांचं देणं २,०००, मुलासाठी आईचं देणं १,२००, निव्वळ ८००" असं असेल तर एक भाग बदलून नवीन आकडा पाच मिनिटांत निघतो.

भारतात काय होतं? इथे असा तक्ता आहे का?

मुलांच्या पोटगीसाठी असा ठरलेला तक्ता किंवा टक्केवारी भारतात नाही, कोर्ट केसप्रमाणे ठरवतं. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६ च्या कलम २० प्रमाणे मुलांना सांभाळायची जबाबदारी बापावर पण आहे आणि आईवर पण. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली घटस्फोटाच्या केसमध्येच मुलांचा ताबा, निर्वाह, शिक्षण यावर ऑर्डर होते आणि ती नंतर बदलता पण येते. धर्म कुठलाही असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली अर्ज करता येतो, १ जुलै २०२४ च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, अजून बरेच लोक त्याला एकशे पंचवीसच म्हणतात.

स्प्लिटसाठी सगळ्यात उपयोगी पडणारा निकाल म्हणजे सुप्रीम कोर्टाचा २००० सालचा पद्मजा शर्मा विरुद्ध रतनलाल शर्मा. आईबाप दोघंही नोकरीला होते, कोर्टाने सांगितलं की दोघांनीही मुलांचा खर्च कमाईच्या प्रमाणात उचलायचा, दर मुलामागे महिना ३,००० रुपये धरले आणि ते २ ला १ या प्रमाणात वाटले. त्या केसमध्ये भावंडं वेगळी झालेली नव्हती पण तत्त्व तेच लागतं, दोन मुलांचे दोन वेगळे खर्च मांडायचे, प्रत्येक खर्च कमाईच्या प्रमाणात वाटायचा आणि मग फरक.

दुसरा निकाल रजनेश विरुद्ध नेहा, ४ नोव्हेंबर २०२०. त्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं अॅफिडेव्हिट द्यायचं हे सुप्रीम कोर्टाने घालून दिलं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं सांगितलं, आणि एकाच वेळी दोन तीन कायद्यांखाली पोटगी चालू असेल तर आधीची रक्कम नंतरच्या केसमध्ये धरायची. म्हणून त्या अॅफिडेव्हिटमध्ये मुलांचा खर्च एकत्र टाकू नका, मुलाच्या नावाने वेगळा लिहा.

शाळेची फी, दवाखाना, क्लास हे त्या रकमेतच येतं का?

सहसा रोजचा खर्च मूळ रकमेत आणि मोठे किंवा अचानक आलेले खर्च वेगळे. कॅनडात त्याच गाइडलाइन्सच्या कलम ७ खाली डेकेअर, दवाखाना, कॉलेज वगैरे खर्च दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटतात. स्प्लिटमध्ये हे जास्त लागतं कारण दोन भावंडांच्या गरजा क्वचितच सारख्या असतात. एकाला दर महिन्याला थेरपी लागते आणि दुसऱ्याला काहीच नाही, आणि थेरपीवालं मूल कमी कमावणाऱ्या पालकाकडे असेल तर नुसत्या वळत्या रकमेत त्या पालकाचा जीव जातो. ठरवताना "मोठे खर्च अर्धे अर्धे" असं घाईने लिहून देऊ नका, कमाई ६० आणि ४० असेल तर वाटा पण तसाच असू दे. किती रकमेच्या वर आधी विचारायचं, बिल किती दिवसात पाठवायचं, हे पण लिहा.

सुट्टीत दोन्ही भावंडं महिनाभर माझ्याकडेच असतात, त्या महिन्याचे पैसे कापू का?

स्वतःहून कापू नका. बऱ्याच ठिकाणी सुट्टीचा वेळ आधीच गृहीत धरलेला असतो. ब्रिटनमध्ये वर्षाच्या रात्री मोजतात, मूल देणाऱ्याकडे ५२ ते १०३ रात्री राहिलं तर सातवा भाग कमी, १०४ ते १५५ ला सातातले दोन भाग, असं. तुमच्या ऑर्डरमध्ये काही लिहिलं नसेल तर बोलून लेखी ठरवा. आणि भावंडांनी सुट्टीत एकत्र राहणं ही चांगली गोष्ट आहे, तिला पैशाच्या कटकटीशी जोडलं की पुढच्या सुट्टीला कोणीतरी नाही म्हणतं आणि भावंडांची भेटच राहते.

मोठा मुलगा स्वतःहून माझ्याकडे राहायला आला, पण ऑर्डर जुनीच आहे. आता?

याच परिस्थितीत लोक सगळ्यात जास्त अडकतात म्हणून जरा सविस्तर. आधी दोन्ही मुलं आईकडे होती, बाबा दोघांचे पैसे देत होते. मुलगा पंधरा वर्षांचा झाला आणि बाबांकडे राहायला गेला, आईने पण हो म्हटलं. बाबांनी अर्धे पैसे द्यायला सुरुवात केली, साहजिक वाटतं. पण कागदावर दोघांचेच पैसे द्यायचे आहेत आणि दर महिन्याला उरलेले अर्धे थकबाकी म्हणून साठत जातात. दोन वर्षांनी भांडण झालं की ती सगळी थकबाकी समोर येते आणि "पण मुलगा तर माझ्याकडेच होता" हे म्हणणं प्रत्येक ठिकाणी ऐकलं जाईलच असं नाही. अमेरिकेत १९८६ च्या ब्रॅडली दुरुस्तीनंतर थकलेली पोटगी कोर्टाला पण मागच्या तारखेपासून कमी करता येत नाही, फार तर बदलाचा अर्ज करून समोरच्याला नोटीस गेली त्या तारखेपासून.

म्हणून मूल घर बदलतंय असं पक्कं दिसलं की लगेच बदलाचा अर्ज टाका, संबंध चांगले असतील तरी. दोघांची संमती असेल तर हे काम सोपं असतं. अर्ज चालू असेपर्यंत जुन्या ऑर्डरप्रमाणे पैसे भरत राहणं सगळ्यात सुरक्षित, ते जमत नसेल तर वकिलाला विचारून तात्पुरती ऑर्डर मागा. मुलाचा पत्ता कधी बदलला याचे कागद जपून ठेवा, शाळेच्या रेकॉर्डमधला पत्ता, डॉक्टरकडचा पत्ता, त्या दिवसाचे मेसेज.

आईच्या बाजूने पण एक सांगायला हवं. मुलगा गेला म्हणून आईवर आता त्याच्यासाठी देणं येऊ शकतं, हे बऱ्याच जणींच्या लक्षातच येत नाही. तिची कमाई कमी असेल तर ते देणं छोटं असेल आणि बाबांच्या देण्यात वळतं होईल, पण नवीन निव्वळ रक्कम किती होईल हे आधीच काढून ठेवलं तर घर चालवायचं नियोजन करता येतं.

मोठं मूल सज्ञान झालं की काय?

पैशाची दिशाच उलटू शकते. वरचं टेक्ससचं उदाहरण घ्या, बाबांचं देणं २,०००, आईचं १,२००, बाबा ८०० देतात. आईकडची मुलगी मोठी होऊन हिशोबातून बाहेर पडली की बाबांचं देणं शून्य, आणि आईचं १,२०० मात्र उभंच. कालपर्यंत ८०० घेणाऱ्या आईने आता १,२०० द्यायचे. कायद्याने बरोबर आहे पण धक्का मोठा बसतो, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा आणि निदान सहा महिने आधी बोलणी सुरू करा.

वय पण सगळीकडे सारखं नाही. टेक्ससमध्ये १८ किंवा शाळा संपेपर्यंत, जे नंतर येईल ते. न्यूयॉर्कमध्ये २१. ब्रिटनमध्ये १६, पण शाळेच्या पातळीचं शिक्षण पूर्णवेळ चालू असेल तर २० पर्यंत. भारतात साधारण १८, पण हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला त्यानंतर पण हक्क आहे, सुप्रीम कोर्टाने २०२० च्या अभिलाषा विरुद्ध प्रकाश निकालात हे स्पष्ट केलंय.

ती मला मुलीला भेटू देत नाही, मग मी पैसे थांबवू का?

नका थांबवू. भेट आणि पैसे ही कोर्टाच्या नजरेत दोन वेगळी प्रकरणं आहेत. भेट अडवली तर त्याचा वेगळा अर्ज करा. भारतात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ची पोटगीची ऑर्डर मोडली तर वॉरंट निघतं आणि थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. घेणाऱ्याने पण लक्षात ठेवा, त्या वॉरंटसाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, "देईल नंतर" म्हणत बसलात तर जुने महिने त्या मार्गाने हातचे जातात.

आम्ही दोघांनी तोंडी ठरवलं की कोणी काही द्यायचं नाही, चालेल का?

चालतं, जोपर्यंत दोघं खूश आहेत तोपर्यंत. पण मुलाचा निर्वाहाचा हक्क आईबापाला आपसात सोडून देता येत नाही असंच कोर्ट सहसा मानतं, त्यामुळे उद्या कोणीही अर्ज करू शकतो. संमतीने घटस्फोट घेताना प्रत्येक मुलाची तजवीज वेगळी लिहून कोर्टापुढे ठेवा.

दुसरं लग्न झालं, नवीन बाळ झालं तर?

पहिल्या मुलांचं देणं आपोआप कमी होत नाही. नवीन बाळाची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी धरतात पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. नवीन जोडीदाराची कमाई सहसा सरळ हिशोबात घेत नाहीत.

टॅक्सचं काय?

अमेरिकेत मुलांची पोटगी देणाऱ्याला वजावट नाही आणि घेणाऱ्याला ते उत्पन्न धरत नाहीत, आणि मूल वर्षातल्या जास्त रात्री ज्याच्याकडे राहिलं तो पालक त्याला अवलंबित दाखवू शकतो, म्हणजे स्प्लिटमध्ये सहसा दोघांना एकेक मूल दाखवता येतं. बाकी देशांचं तिथल्या टॅक्सवाल्याला विचारा.

कोर्ट मुळात भावंडांना वेगळं करतं का? मुलाला विचारतात का?

सहज करत नाही. बऱ्याच देशांतली कोर्टं भावंडांनी एकत्र राहावं याच बाजूची असतात आणि वेगळं करायला ठोस कारण बघतात, वयातलं मोठं अंतर, एखाद्या मुलाची खास गरज, भावंडांमध्येच त्रास, किंवा मोठ्या मुलाचा स्वतःचा ठाम निर्णय. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ मध्ये आहे की मूल समजून मत देण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ते मत विचारात घेऊ शकतं, आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सगळ्यात वर.

समोरचा फक्त पोटगी कमी व्हावी म्हणून एक मूल मागतोय असं वाटतंय.

असं होतं, आणि वर बघितलंत की २,५०० चे ८०० होऊ शकतात त्यामुळे मोह पडतो हे खरं. नुसता संशय कोर्टात सांगून उपयोग नसतो. आजवर मुलाला शाळेत कोण सोडायचं, आजारपणात कोण जागं राहायचं, शिक्षकांशी कोण बोलायचं, याचे पुरावे ठेवा. आणि मूल फक्त कागदावरच तिकडे आणि रोज जेवायला झोपायला तुमच्याकडेच असेल, तर त्या रात्रींची नोंद तारखेनिशी ठेवा, कारण हिशोब मूल प्रत्यक्ष कुठे राहतं त्यावर होतो.

मुलांना पैशाचं काही सांगावं का?

रक्कम सांगू नका. "तुझ्यासाठी बाबा काही पाठवत नाहीत" असं मुलीला सांगितलं आणि खरं म्हणजे ते भावाच्या हिशोबात वळते झालेत, तर ती मुलगी भावाला आपल्या वाट्याचा चोर समजायला लागते. वळती रक्कम शून्य आली तरी दोन्ही पालक दोघांचा खर्च उचलतायत, विचारलंच तर एवढं सांगा.

पहिल्या भेटीला वकिलाकडे काय घेऊन जाऊ?

दोघांच्या कमाईचे जेवढे मिळतील तेवढे पुरावे, सॅलरी स्लिप, टॅक्स रिटर्न, धंदा असेल तर बँक स्टेटमेंट. प्रत्येक मुलाच्या नावाने वेगळा महिन्याचा खर्च. कुठलं मूल कुठे आणि कधीपासून राहतं त्याच्या तारखा. जुनी ऑर्डर किंवा करार. आजवर दिलेल्या किंवा मिळालेल्या पैशांची नोंद, रोख देत असाल तर आजपासून बंद करून बँकेतून द्या आणि शेऱ्यात महिना लिहा. प्रत्येक मुलाची जन्मतारीख वेगळ्या कागदावर लिहून घ्या, म्हणजे कोणाचं देणं कधी संपतं आणि त्या दिवशी निव्वळ रक्कम किती होते हे तिथेच बसून काढता येईल.